उठायला हात

माझ्या ताईची नोकरी गेली याचा मला एवढा राग आला नव्हता. नोकऱ्या जातात. माझीही एकदा गेली होती. मी त्या साहेबाला चार शब्द सुनावले, दार आपटलं आणि घरी येऊन पोटभर जेवले. राग आला तो ताईला ज्या पद्धतीने काढलं त्याचा. तिला सहानुभूतीने काढलं.

ताई गाद्यांच्या कारखान्यात होती. गादीच्या कडेला पट्टी शिवायची मशीन तिच्याकडे. दिवसभर वाकून जड गादी गोल फिरवत राहायची. पट्टी सरळ बसते आणि कंबर कायमची वाकडी होते. कंबरेबद्दल तिची तक्रार नव्हती. ताईची कशाबद्दलच तक्रार नसते, त्यामुळे घरातल्या सगळ्या तक्रारी माझ्या वाट्याला आल्या आहेत. मला घरी ठिणगी म्हणतात, ते उगाच नाही.

त्या कारखान्यात एचआरच्या मुख्य म्हणून एक नवीन बाई आल्या. बोलणं इतकं गोड की शिवणाऱ्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव साखरबाई ठेवलं. साखरबाईंनी आल्या आल्या एक जुनं भांडार रिकामं करून घेतलं, त्याला प्लायवूडची भिंत घातली आणि दारावर पाटी लावली, 'मन मोकळं करा'. आत एक मोठी कुंडी, कागदी रुमालांचा डबा, खिडकीकडे पाठ करून त्यांची लाकडी खुर्ची आणि तिच्यासमोर एक सोफा. सोफा कारखान्यातच बनवलेला, नापास झालेल्या फोमचा. त्यात बसलेलं माणूस जे खाली जायचं ते जायचंच. गुडघे हनुवटीशी यायचे.

कामगारांनी पाळीपाळीने त्या खोलीत जायचं आणि आपलं कसं चाललंय ते सांगायचं, असा नियम निघाला. ताईची पाळी आली त्या सकाळीच घरी एक गोष्ट घडली होती. भावोजी, म्हणजे तिचा नवरा, पाठीच्या कण्याच्या दुखण्याने फार दिवस अंथरुणाला खिळून होते. डॉक्टरांनी आशा ठेवायला सांगितली होती, पण अशा आवाजात की आम्ही ती सोडून दिली होती. त्या सकाळी ताई कामाला निघाली आणि मागून हाक आली. बघते तर भावोजी भिंतीला धरून स्वतःच्या पायांवर दारात उभे, हातात तिचा डबा. "विसरलीस," एवढंच म्हणाले.

ताई ते पोटात घेऊन कामावर गेली. साखरबाईंनी सोफ्यात बसवून "कसं चाललंय?" विचारलं आणि तिला जे रडू फुटलं ते थांबेना. रडत रडत तिने सगळं सांगितलं, दार, डबा, भिंत, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा ताईने घराबाहेरच्या माणसापाशी मन मोकळं केलं होतं. साखरबाईंनी मान हलवली, रुमाल पुढे केला आणि म्हणाल्या, "मी समजू शकते."

पुढे काही दिवसांनी कारखान्यातली माणसं कमी करायची ठरली आणि ताईला पुन्हा त्याच खोलीत बोलावणं आलं.

"तुम्ही खूप खचला आहात," साखरबाई म्हणाल्या. "मला दिसतं ते. तुमच्या जागी मी असते, तर मला विश्रांतीच हवी असती. म्हणून तुमचं नाव मी स्वतः सुचवलं."

"अहो, पण आता घरी बरं आहे," ताई म्हणाली, आणि म्हणता म्हणता पुन्हा रडायला लागली. "ते चालायला लागलेत. मला उलट आता कामात—"

साखरबाईंनी मान हलवली. "मी समजू शकते." रुमाल पुढे केला.

मग ताई उठायला गेली आणि तिला उठता येईना. एक तर तिची ती कंबर, त्यात तो सोफा. तिने जोर लावून बघितला, पुन्हा आत गेली. शेवटी जिने तिला आत्ता काढलं होतं, तिच्याकडेच तिने हात मागितला. साखरबाईंनी हात दिला, ओढून उठवलं, वर पाठीवरून हात फिरवला.

"चांगली आहे गं बाई," ताई घरी आल्यावर मला म्हणाली. "उठायला हात दिला मला तिने."

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या बहिणीने एकदाच तोंड उघडलं, तर त्या बाईने तेच तिच्यावर उलटवलं. केसाने गळा कापला, आणि कापून झाल्यावर केसही विंचरून दिले. मी तिथेच, ताईच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ठरवलं. एक दिवस ही बाई नोकरी गेलेली त्या सोफ्यात बसलेली असेल. उठायला माझ्याकडे हात मागेल. आणि मी देणार नाही. मला त्याहून जास्त काही नको होतं, आणि कमीही चालणार नव्हतं.

मी तेव्हा एका मालवाहतूक कंपनीत एचआरमध्येच होते, हजेऱ्या आणि रजा बघायचे. पुढच्या वर्षी गाद्यांच्या कारखान्यात साखरबाईंच्या हाताखाली एक जागा निघाली. ताईचं आडनाव सासरचं, माझं माहेरचं. चेहऱ्यावरून कोणी बहिणी म्हणणार नाही. ती आईवर गेली आहे आणि मी वडिलांच्या रागावर. मुलाखतीत साखरबाईंनी विचारलं, "आपल्या कामात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं?"

"समोरच्याच्या जागी जाऊन बसणं," मी म्हटलं.

त्यांचे डोळे भरून आले. मी खोटं बोलले नव्हते. कोण कुठे जाऊन बसणार, तेवढं फक्त सांगायचं राहिलं होतं.

"तिथे कशाला गं?" ताईने विचारलं.

"पगार बरा आहे."

"ठिणगे, काही करू नकोस हं. गेलं ते गेलं." ती आता घरी बसून उशांचे अभ्रे शिवायची. मशीनच्या टकटकीतूनही माझा आवाज ओळखायची ती. माझ्या मनातलं तिला कळलंच असणार.

माझं टेबल त्या खोलीला लागून होतं, प्लायवूडच्या अलीकडे. पहिल्याच दिवशी मला आतला शब्दन् शब्द ऐकू आला. फोम कापणाऱ्या एका बाईची सासू तिला पाण्यात बघत होती. मी साखरबाईंना म्हटलं, "मॅडम, या भिंतीतून सगळं ऐकू येतं."

"छे गं," त्या हसल्या. "मी मुद्दाम तुझ्या जागेवर उभं राहून बघितलंय. काही ऐकू येत नाही."

मला वाटलं, बाई नुसती गोड नाही, बेफिकीरही आहे. मी ते पण मनात जमा करून ठेवलं.

आता हिला पाडायचं कसं, याचा विचार करत मी काही दिवस काढले. कामात चूक सापडेना. मालकांची मर्जी होती. मग मला एक गोष्ट दिसली. दिवसभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या या बाईचं ऐकायला कोणीच नव्हतं. दुपारच्या चहाला ती एकटीच बसायची, कपात बघत. मी माझा कप उचलला आणि तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "तुमचं कसं चाललंय, मॅडम?"

तिचीच विद्या तिच्यावर. मी मान हलवायला शिकले, थांबायला शिकले, योग्य जागी 'अरेरे' म्हणायला शिकले. लोक म्हणतात सहानुभूती मनातून यावी लागते. अजिबात नाही. मनात काळं ठेवूनही ती उत्तम जमते, उलट जास्त लक्ष देऊन जमते. ती बोलत गेली. आईशी पटत नाही, एका माणसाशी ठरलेलं लग्न मोडलं, घरी टीव्ही लावते पण बघत नाही. मी सगळं ऐकत होते आणि यातलं धारदार काय आहे ते चाचपत होते. काहीच नव्हतं. सगळी साधी, रोजची दुःखं. खरं सांगायचं तर काही दुपारी मला ती आवडायलाही लागली होती. अशा दिवशी मी संध्याकाळी मुद्दाम ताईकडे जायचे आणि तिला वाकून अभ्रे शिवताना बघायचे. पुन्हा ठीक व्हायचे.

एका दुपारी कारखान्यात आगीच्या घंटेची चाचणी होती. घंटा आमच्या डोक्यावरच. वाजली तेव्हा माझा चहा सांडला, शिपायाने कानावर हात ठेवले, बाहेर कोणीतरी शिवी घातली. साखरबाई चमच्याने साखर ढवळत होत्या. ढवळतच राहिल्या. मी त्यांच्याकडे बघतच बसले.

त्यांनी वर पाहिलं. माझा चेहरा बघून चमचा थांबला. "काय झालं?"

मी बोट वर केलं. त्यांनी घंटेकडे पाहिलं, मग शिपायाच्या कानांवरच्या हातांकडे. शिपाई गेल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"कोणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "एक कान पूर्ण गेलाय. दुसऱ्यात नुसता घुमल्यासारखा गलबला येतो, शब्द नाहीत आणि असली तीक्ष्ण घंटा तर नाहीच."

"मग तुम्ही ऐकता कसं?"

"ओठ बघते. तोंडावर उजेड असला की बरंचसं कळतं. म्हणून तर सोफा खिडकीसमोर ठेवलाय."

एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसत गेली. फोनवर बोलायचं नाही, समोर या, फोनला माया नसते, असं त्या का म्हणायच्या. केस कायम कानांवर का. प्लायवूडच्या भिंतीपाशी उभं राहून त्यांना काहीच का ऐकू आलं नाही.

"यंत्र मिळतं की कानाचं," मी म्हटलं.

"यंत्र लावलेल्या बाईपाशी कोण मन मोकळं करेल? आणि मालकांनी मला ठेवलंयच ऐकायला. स्वयंपाकी जेवण चाखू शकत नाही म्हटल्यावर त्याला कोण ठेवील?"

"आणि कोणी रडत रडत बोललं तर? तेव्हा ओठ कसे कळतात?"

"नाही कळत," त्या म्हणाल्या, आणि हसल्या, तेच ते मऊ हसू. "पण रडणं तर कळतं ना? खरं सांगू का तुला, शब्दांची गरजच पडत नाही गं."

मी सावकाश विचारलं, "पट्टीच्या मशीनवर एक बाई होत्या म्हणे. मागच्या वर्षी काढलं त्यांना."

"हो, हो. बिचारी फार रडली. दोन्ही वेळेला. इतकं रडणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. म्हटलं, हिला यातून सोडवायला हवं."

हातातला कप मी खाली ठेवला, नाहीतर फेकला असता. वर्षभर मी समजत होते की हिने ताईचं ऐकलं आणि डाव साधला. डूख धरायला शत्रू तरी खरा लागतो. शत्रूने निदान आपलं ऐकलेलं असतं. हिने ऐकलंच नव्हतं. भावोजी दारापर्यंत चालत आले, हातात डबा घेऊन उभे राहिले, ताईच्या सगळ्या आयुष्यातली ती एक सकाळ, आणि हिने त्यातलं फक्त पाणी बघितलं. मायेने मान हलवली आणि मायेनेच पोटावर पाय दिला.

या ठिकाणी एखाद्या चांगल्या बाईला दया आली असती. मला नाही आली. मला इतका राग आला की कानशिलं ठणकायला लागली.

"नाही सांगणार कोणाला, मॅडम," मी म्हटलं.

आणि मी कोणालाही सांगितलं नाही. मी फक्त सोफा फिरवला.

मालक थोराड, घोगऱ्या आवाजाचे गृहस्थ होते. बोलताना हात चालायचे, ओठ मिशांत लपायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा धंद्यातून बाहेर पडला होता आणि बापाशी बोलत नव्हता. सगळ्या कारखान्याला ते माहीत होतं. त्यांनी एक दिवस मला विचारलं, "ती तुमची खोली. तिथे आम्ही पण येऊ शकतो का हो? की फक्त कामगारांसाठीच आहे?"

"या ना साहेब. कधीही या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. साखरबाई अजून शिवण विभागातून परतायच्या होत्या. मालकांचं नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी म्हटलं, "साहेब, खिडकीतलं ऊन तुमच्या डोळ्यांवर येईल. थांबा, जरा फिरवून देते." शिपायाला हाताशी घेऊन मी सोफ्याची पाठ खिडकीला लावली आणि साखरबाईंची खुर्ची समोर, उन्हाकडे तोंड करून. मालक म्हणाले, "किती विचार करता हो तुम्ही लोक." ते बसले आणि खाली गेले. त्यांच्या मागे ऊन, पुढे अंधार. तोंड काळं ठिक्कर दिसत होतं, मिशाही दिसत नव्हत्या.

साखरबाई दारात आल्या आणि थबकल्या. सोफ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांना खुर्ची दाखवली. मालकांसमोर काय बोलणार होत्या? बसल्या. मी दार लावून घेतलं आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसले, प्लायवूडच्या अलीकडे.

मालक बराच वेळ बोलले. मुलगा लहान असताना कच्च्या गाद्यांच्या ढिगावर उड्या मारायचा ते सांगितलं. शेवटचं भांडण कशावरून झालं ते सांगितलं. मग म्हणाले, "आता काल त्याच्या बायकोचा निरोप आलाय. म्हणते, तुम्ही एक फोन करा, ते येतील. सांगा बाई. करू का मी फोन?"

"मी समजू शकते," साखरबाई म्हणाल्या.

"ते ठीक आहे. पण करू का?"

"वेळ जाऊ द्यावा लागतो."

"म्हणजे नको करू?"

मग रुमालांचा डबा सरकल्याचा आवाज आला. मालकांना रुमाल देत होत्या.

"अहो, मी रडत नाहीये!" मालक कडाडले. "मी तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतोय. माझा मुलगा. त्याला फोन करू की नको? मी आत्ता काय म्हणालो? सांगा बरं, मी काय म्हणालो?"

साखरबाई अगदी हळू, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचं मन मोकळं झालं ना? तेच महत्त्वाचं."

मी टेबलावर पडलेली टाचणी उचलून डबीत ठेवली. इतकं समाधान मला आयुष्यात कशानेच झालं नव्हतं. मालक बाहेर येईपर्यंत मी चेहरा नीट करून ठेवला होता. त्यांना उठायला मात्र शिपायाला धावत जावं लागलं.

पुढच्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. "त्या बाईला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "मी रात्री विचार केला. येतच नाही. आणि आमच्या सगळ्या माणसांचं हिने ऐकावं म्हणून आम्ही पगार देतोय. फसवणूक आहे ही." मग जरा घुटमळले. "तुम्हीच सांगा तिला. आजच. आणि नीट सांगा हं. सहानुभूतीने."

"हो साहेब," मी म्हटलं.

मी साखरबाईंना खोलीत बोलावलं. त्या सवयीने खुर्चीकडे वळल्या. मी म्हटलं, "तुम्ही तिथे बसा." त्यांनी सोफ्याकडे पाहिलं आणि बसल्या. गुडघे वर आले, पर्स मांडीवरून घसरून बाजूच्या फटीत गेली. खुर्चीत मी. खिडकीतला सगळा उजेड माझ्या तोंडावर. मी सावकाश बोलले, ओठ पूर्ण उघडून, कारण माझा एकही शब्द मला त्यांना चुकू द्यायचा नव्हता.

"तुम्ही खूप खचला आहात. मला दिसतं ते. तुमच्या जागी मी असते, तर मला विश्रांतीच हवी असती."

त्यांनी हे वाक्य ओळखलं. ओठ हलले, जणू माझ्याबरोबर म्हणत होत्या.

"आजपासून तुम्हाला यायची गरज नाही," मी म्हटलं, आणि रुमालांचा डबा पुढे सरकवला. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"सोफा तू मुद्दाम फिरवलास," त्या म्हणाल्या.

"हो."

"का गं? मी तुझं काय वाईट केलं?"

या प्रश्नाची मी इतके दिवस वाट बघत होते. "पट्टीच्या मशीनवरची ती बाई माझी सख्खी बहीण. ती तुमच्याकडे दुःख सांगायला आली नव्हती. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, तो त्या सकाळी उठून चालत दारापर्यंत आला होता. तिचा डबा घेऊन. ती आनंदाने रडत होती. ती तुम्हाला तिची सगळ्यात चांगली गोष्ट सांगत होती, आणि तुम्ही तिला त्यासाठी काढलंत."

त्यांची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही. मी थांबले तरी त्या तिथेच बघत राहिल्या, शेवटचे शब्द पुन्हा वाचल्यासारख्या. मला रडणं हवं होतं. माफी हवी होती. निदान 'मला माहीत नव्हतं' तरी हवं होतं, म्हणजे मला पुढचं बोलता आलं असतं. माझ्याकडे पुढचं बरंच तयार होतं.

"चालायला लागले होते?" त्या म्हणाल्या. चेहरा एकदम उजळला. "हो का गं? मग आता कसे आहेत? चालतात?"

"चालतात," मी म्हटलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "फार बरं झालं."

मग त्यांनी पर्स फटीतून ओढून काढली आणि उठायला गेल्या. सोफ्याने सोडलं नाही. दुसऱ्यांदा जोर लावला, सँडल फरशीवर सरकली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. बोटांत अंगठी नाही, नखं स्वच्छ कापलेली, तळवा वर. माझ्या बहिणीने केला असेल तसाच.

मी माझे दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या हाताकडे बघत राहिले, तो हळूहळू खाली जाईपर्यंत. मग उठले, बाहेर आले आणि दार लावून घेतलं. टेबल आवरलं. आतून एकदा काहीतरी घासल्याचा आवाज आला. मी पिशवी उचलली आणि वेळेआधीच घरी निघाले.

सरळ ताईकडे गेले. भावोजी खालच्या दुकानातून दूध आणायला गेले होते, स्वतःच्या पायांनी, काठीसुद्धा न घेता. ताई अभ्रे शिवत होती. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, घंटा, सोफा, ऊन, मालकांच्या मिशा. आवाज काढून दाखवले. ती एकदा हसली पण, रुमालाच्या डब्यापाशी. मला वाटलं, आता ती खूश होणार. मग मी तिला हात सांगितला. तो पुढे आलेला, खाली गेलेला, माझे हात मांडीवर, आणि मी दार लावून घेतलं ते.

मशीन थांबली.

"मग तिला उठवलं कुणी?" ताईने विचारलं.

"म्हणजे?"

"तू निघून आलीस. मग ती उठली कशी?"

"मला काय करायचंय? उठली असेल. ताई, तिने तुझं काय केलं ते—"

"ते मला माहीत आहे गं. माझंच झालं ना ते?" तिने सुईखालचा अभ्रा नीट केला. "त्यातून एकटीला नाही उठता येत. मी बसले आहे त्यात."

ती पुन्हा शिवायला लागली. मी चिडले. इतकी चिडले की भावोजींना न भेटताच निघाले. वर्षभर कोणासाठी केलं मी हे? निदान एक 'बरं केलंस' तरी म्हणावं माणसाने. रस्त्याने मी मोठ्यांदा बोलत होते, लोक वळून बघत होते.

सकाळी मालकांनी सांगितलं की तूर्त खोलीचं काम मीच बघायचं. मी दार उघडलं. कुंडी आडवी पडली होती. माती फरशीभर पसरली होती. झाडाचं खोड मध्येच मोडलं होतं, कोणीतरी त्याला धरून वजन टाकल्यासारखं. मातीत एक पंजा उमटला होता आणि त्याच्यापुढे दोन गुडघे. रुमालांचा डबा होता तिथेच होता.

मी शिपायाला बोलवायच्या आत फोम विभागातल्या त्या बाई आल्या, सासूवाल्या. त्यांची पाळी होती. म्हणाल्या, "येऊ का?" आणि माती ओलांडून सोफ्यात बसल्यासुद्धा. मी खुर्चीत बसले. त्या बोलायला लागल्या. तोंडावर हात ठेवून थोडं रडल्या. बराच वेळ बोलल्या. मी त्या पंजाकडे बघत होते. डोक्यात ताईचा तो एक प्रश्न मशीनसारखा चालू होता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. बाईंचं बोलणं थांबलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मघापासून मान हलवत होते. त्या काय म्हणाल्या, त्यातलं अक्षर मला सांगता आलं नसतं. त्या माझ्याकडे उत्तरासाठी बघत होत्या.

"मी समजू शकते," मी म्हटलं.

त्यांनी डोळे पुसले आणि उठायला गेल्या. सोफ्याने त्यांना धरून ठेवलं. त्यांनी माझ्याकडे हात केला आणि मी तो दिला, ओढून उठवलं.

"चांगल्या आहात हो तुम्ही," बाई म्हणाल्या.